हळदीला टिकेल असं सॉफ्टवेअर

व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं कुणालाही विचारून बघा. उत्तर देणारा स्वतः जे वापरतो त्याचंच नाव सांगेल. तुमचं काम काय, तुमचा कॉम्प्युटर किती थकलेला आहे, तुमचं गिऱ्हाईक व्हिडिओ कशावर बघणार, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. तरी तो छातीठोकपणे सांगतो, "डोळे झाकून घे." ज्या धंद्याचं सगळं भांडवल डोळे आहेत, त्या धंद्यात हा सल्ला सर्वांत जास्त चालतो. मग तुलनेचे तक्ते निघतात. कुणात किती ट्रान्झिशन, किती फिल्टर, कुठल्यात अक्षरं आगीतून उडी मारून येतात, सगळं मोजलं जातं. माझं म्हणणं एवढंच, की हे तक्ते उलट्या टोकाने सुरू होतात. सॉफ्टवेअर आपण निवडतो हा आपला गैरसमज आहे. कामाने ते आधीच निवडून ठेवलेलं असतं. आपल्याला फक्त आपलं काम ओळखता यावं लागतं, आणि माणसं नेमकी तिथेच कच्ची असतात. 'सिनेमॅटिक' काम करतो असं सांगणाऱ्याच्या हार्ड डिस्कवर बारसं, साखरपुडा आणि शाळेचं गॅदरिंग यांखेरीज काही निघत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण सॉफ्टवेअर बारशासाठी घ्यायचं आहे हे तरी निदान स्वतःपाशी कबूल करावं.

हे म्हणणं तपासायचं तर परीक्षा अवघड घ्यावी, म्हणून पनवेल तालुक्यातलं गव्हाण घेऊ. शेजारी उलवे, पलीकडे जासई, जरा पुढे न्हावा-शेवा बंदर आणि त्याच्या कंटेनरांची कधी न संपणारी रांग. नेरूळ-उरण रेल्वेमार्गावर गावाच्या नावाचं स्टेशन, जानेवारी २०२४ पासून खाडीवर अटल सेतू, आणि आता ज्याला शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून माणसं रस्त्यावर उतरली तो नवी मुंबई विमानतळही हाकेच्या अंतरावर. एवढं सगळं आजूबाजूला उगवलं, तरी आगरी-कोळी घरांतली हळद काही आटोपशीर झाली नाही. इथे लग्न हा दुसऱ्या दिवशीचा उपचार असतो, खरा सोहळा आदल्या रात्रीची हळद. मांडव, बेंजो, मग डीजे, त्यात नोटा ओवाळणारे मामा, जेवणाच्या पंगती, नाचून दमलेले आणि दमूनही नाचणारे. संध्याकाळी सुरू झालेला कॅमेरा उत्तररात्रीपर्यंत बंद होत नाही. ज्या सॉफ्टवेअरने ही रात्र पचवली त्याला जगात दुसरं काही जड जाणार नाही.

सुरुवात आवकीपासून करू. फोर-के चित्रीकरण सेकंदाला शंभर मेगाबिट या साध्या दराने केलं तरी तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे सहा सहा तास चालले की ५४० जीबी. नवरदेवाच्या मित्रांनी मोबाइलवर काढलेलं आणि 'हे पण टाका' म्हणून पाठवलेलं त्यात धरलेलं नाही. मिनी-डीव्ही टेपच्या काळात एका तासाला साधारण १३ जीबी लागायचे आणि टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवायला पुरा एक तास जायचा. तो तास शिक्षाच होती, पण त्या शिक्षेत एडिटरला सगळं चित्रीकरण एकदा बघावंच लागायचं. शिवाय टेपला पैसे पडत, त्यामुळे कॅमेरामनही हात आखडून शूटिंग करायचा. मेमरी कार्डाने दोघांनाही मोकळं केलं. आता कॅमेरामन पंगतीतल्या भाताच्या टोपावर चार मिनिटं थांबतो आणि ती चार मिनिटं बघायला कुणाला वेळ नसतो. म्हणजे आज एडिटरचा बहुतेक वेळ कापण्यात जातच नाही. तो उतरवण्यात, शोधण्यात आणि टाकून देण्यात जातो. असं असताना सॉफ्टवेअर मात्र निवडलं जातं ते पाकळ्या उधळणाऱ्या ट्रान्झिशनवरून. खरा निकष असा, की मिसळलेला, अवजड, रखडणारा माल टाइमलाइनवर टाकल्यावर ते न अडखळता चालतं का आणि त्यातलं नको ते किती झटपट बाजूला करू देतं.

आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंमध्ये एडियस इतकी वर्षं तळ ठोकून का बसलं आहे, याचं उत्तर इथे मिळतं. शहरातल्या एडिटिंगच्या वर्गांत या नावाला फारसा मान नाही. जपानच्या कॅनोपस कंपनीचं हे अपत्य, पुढे ग्रास व्हॅलीकडे गेलं. कॅनोपसची व्हिडिओ कॅप्चर कार्डं लग्नवाल्यांच्या कॉम्प्युटरात आधीच बसलेली होती आणि कार्डाबरोबर हे सॉफ्टवेअरही घरात शिरलं. त्याचा मोठा गुण असा, की वेगवेगळ्या जातीच्या फायली आणि वेगवेगळे फ्रेम रेट एकाच टाइमलाइनवर ते फारसे आढेवेढे न घेता, रेंडरची वाट बघायला न लावता चालवतं. वर तयार 'वेडिंग प्रोजेक्ट' बाजारात मिळतात, त्यात फोटो बदलला की नवरा-नवरी सोनेरी चौकटीतून प्रकट होतात. त्या चौकटींच्या सौंदर्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण रात्री दोन वाजता अडलं तर शेजारच्या गावातला दुसरा स्टुडिओवाला फोनवर 'एफ दाब, मग एंटर' असं सांगू शकतो, ही सोय कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नसते. ज्या सॉफ्टवेअरचा जाणकार हाकेच्या अंतरावर आहे, ते निम्मं स्वस्त पडतं.

मोबाइलचा माल आणि कॅमेऱ्याचा माल एकत्र आला की खरी गंमत सुरू होते. आपल्याकडचे कॅमेरे बहुधा २५ किंवा ५० फ्रेमवर लावलेले, मोबाइल ३० वर, आणि तेही कायम ३० नव्हे. उजेड कमी-जास्त झाला की मोबाइल आपल्या मनाने फ्रेम घटवतो-वाढवतो. असं चित्रीकरण काही सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की सुरुवातीला टाळी आणि आवाज बरोबर जुळतात, वीस मिनिटांनी टाळी आधी वाजते आणि हात नंतर मिळतात. यावर उपाय आहेत. आधी सगळं एका स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतर करून घ्यायचं किंवा हलक्या प्रॉक्सी फायली बनवून त्यांवर काम करायचं. पण हा खटाटोप रोजचा होणार असेल, तर तो कमीत कमी क्लिकमध्ये करणारं सॉफ्टवेअर हेच आपलं सॉफ्टवेअर, मग त्याचा लोगो कसाही असो.

दोन कॅमेरे आवाजावरून आपोआप जुळवण्याची सोय आज रिझॉल्व्ह, प्रीमियर, फायनल कट या सगळ्यांत आहे. दोन्हीकडच्या आवाजाच्या लहरींचे चढउतार ताडून ते क्लिपा एका जागी बसवतं. जाहिरातीत हे लगेच होतं, कारण जाहिरातीत कुणीतरी शांत खोलीत व्हायोलिन वाजवत असतं. गव्हाणच्या मांडवात डीजेचे खोके कॅमेऱ्याच्या माइकला इतके भरून टाकतात, की त्या लहरीत चढही उरत नाही आणि उतारही. ती लादीपावासारखी सलग दिसते, आणि बिचारं सॉफ्टवेअर जुळवायचं काय म्हणून हात टेकतं. मग एडिटर नवरीच्या काकांनी हात वर केल्याची फ्रेम दोन्हीकडे शोधतो आणि काकांवरून अख्खी रात्र जुळवतो. त्याच रात्री डीजे सुरू होण्याआधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते. म्हातारीचा आवाज, माइक नाही, बाजूला बायकांची कुजबुज, पोरांची रड, मागे जनरेटर. दहा वर्षांनी त्या घराला खरं मोल याच दहा मिनिटांचं वाटणार आहे, कारण डीजेची गाणी सगळीकडे मिळतील, ही म्हातारी मिळणार नाही. म्हणून माझ्या लेखी सॉफ्टवेअरचा आवाजाचा विभाग त्याच्या रंगाच्या विभागाइतकाच महत्त्वाचा आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइट नावाचं आवाजाचं पानच वेगळं आहे आणि ते फुकट आवृत्तीतही मिळतं. जनरेटरची घरघर दाबून धवलारणीचे शब्द वर काढायला ते कामी येतं. चेहरे सोनेरी करायला नंतर वेळ मिळेल, हळदीत ते तसेही पिवळेच असतात.

पुढची परीक्षा देवनागरीची. साऱ्या जगाचे समीक्षक सॉफ्टवेअरचा वेग मोजतात, त्यात 'चि. सौ. कां.' लिहून कुणी बघत नाही. इथे तर पहिल्या टायटलवर म्हात्रे येणार, दुसऱ्यावर घरत आणि ठाकूर, आणि कुठेतरी 'श्री गणेशाय नमः' असणारच. जोडाक्षरं न कळणाऱ्या टायटल-यंत्रणेत म्हात्रे कुटुंबाचं 'म्‌हात्‌रे' होतं, आणि 'चि.' मधली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येऊन उभी राहते. प्रीमियरमध्ये यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. ते आहे हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टवर काम भागवतात. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की पत्रिकेवरचं नाव रोमन अक्षरांच्या कचऱ्यात बदलतं. आता कुणी म्हणेल, ही बारीकसारीक गोष्ट आहे, टायटल फोटोशॉपमध्ये करून चित्र म्हणून लावा. जरूर लावा, कित्येक जण लावतात. पण चाळीस नावांची चाळीस चित्रं झाल्यावर नवरीच्या वडिलांच्या नावातली चूक रात्री अकराला फोनवर कळते, तेव्हा ही गोष्ट अजिबात बारीक राहत नाही.

मग पैशांचा प्रश्न, आणि त्यात पंचांग बघावं लागतं. प्रीमियर बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने २०१३ साली जाहीर केलं, की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, भाड्याने घ्याव्या लागतील. ज्याला बारा महिने काम आहे त्याला हे परवडतं. पण लग्नाचा धंदा आषाढी एकादशीला आवरतो आणि तुळशीचं लग्न लागल्यावर पुन्हा उघडतो. मधले चार महिने देव झोपतो, हप्ता झोपत नाही. मधेच बंद करावं म्हटलं, तर वर्षाच्या करारावर महिन्याचे हप्ते भरणाऱ्याला मुदतीआधी सोडण्याचा भुर्दंड बसतो. हा भुर्दंड ग्राहकांपासून झाकून ठेवल्याचा आरोप करत, फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला होता. उलट बाजूला रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंतचा व्हिडिओ काढून देते, आणि 'स्टुडिओ' ही पैशांची आवृत्ती हवी असेल तर एकदाच २९५ डॉलर. मात्र ते ग्राफिक कार्डाच्या मेहेरबानीवर चालतं. कार्ड दुबळं असेल तर फुकटात मिळालेलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर पाऊण लाखाचा खर्च काढतं. तसा जुना कॉम्प्युटर असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट यांच्याकडे आधी बघावं, कुठल्याही लग्नात त्यांचं नाव सांगून भाव खाता येत नसला तरी. भाड्याच्या सॉफ्टवेअरची आणखी एक अडचण भावकीत उगवते. लग्नानंतर दोन वर्षांनी जमिनीच्या मोबदल्यावरून काका आणि पुतण्या यांचं फाटतं, आणि पुतण्या येऊन सांगतो, 'त्यांना व्हिडिओतून काढा.' त्या दिवशी जुना प्रोजेक्ट उघडता यायला हवा. भाडं थकलं असेल तर आधी ते भरा, मग काकांना काढा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'मोठे लोक जे वापरतात ते आपण का वापरू नये?' मोठे लोक काय वापरतात हे बघायला हरकत नाही. अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझर १९८९ चं. वॉल्टर मर्चने 'द इंग्लिश पेशंट' त्यावर जोडला आणि १९९७ साली संकलनाचं ऑस्कर घेतलं. हाच मर्च २००३ च्या 'कोल्ड माउंटन'च्या वेळी फायनल कट प्रोकडे वळला, तेव्हा त्याच्या हितचिंतकांनी कपाळाला हात लावला होता. पुढे २०११ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने फायनल कट एकदम पालटलं, जुने प्रोजेक्ट नव्यात उघडेनात आणि धंद्यातली माणसं रडकुंडीला आली. तरीही २०१९ चा कोरियन 'पॅरासाइट' हा अ‍ॅपलने केव्हाच सोडून दिलेल्या जुन्या फायनल कट सातवर संकलित झाला, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे मोठे लोकसुद्धा एका सॉफ्टवेअरवर एकमताने बसलेले नाहीत, हात बसला आहे त्यावर बसलेले आहेत. हॉलिवूडला अ‍ॅव्हिड हवं असतं त्याचं मोठं कारण म्हणजे एकाच चित्रपटावर आठ-दहा माणसं एकाच साठ्यातून एकाच वेळी काम करतात आणि एकाने दुसऱ्याचं बिघडवू नये अशी व्यवस्था त्यात पक्की आहे. गव्हाणच्या स्टुडिओत एकच एडिटर असतो. त्याचं कुणी बिघडवत असेल, तर रात्री त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळणारा भाचा, आणि त्यावर अ‍ॅव्हिडकडेही इलाज नाही.

दुसरा आक्षेप हळू आवाजात येतो. 'क्रॅक मिळतो की, मग निवडायचं कशाला? सगळीच टाकू.' नीतीचं राहू दे, हिशेब मांडू. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाप्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. रिझॉल्व्ह स्टुडिओची किंमत साधारण त्या सर्वांत कमी दंडाच्या निम्मी भरते. दंड कुणाला झाल्याचं ऐकलं आहे का, असा उलट प्रश्न येईल, आणि तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही. पण क्रॅकबरोबर आलेला व्हायरस कोर्टाची वाट बघत नाही. त्याने डिस्कवरच्या फायलींना कुलूप लावलं, तर घरच्यांना काय सांगणार? नवरा-नवरीला पुन्हा हळद लावता येईल, पण तेवढी पाहुणेमंडळी पुन्हा तेवढ्याच पोटभर हसत नाचणार नाहीत, आणि मटणाचा खर्च कुणाच्या अंगावर, हा वाद वेगळा.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. 'एवढं सगळं कशाला? मोबाइलवर अ‍ॅप आहे. आणि आता एआय स्वतःच एडिट करतं.' मोबाइलच्या अ‍ॅपला मी नाकं मुरडणार नाही. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीस सेकंदांचं रील घरच्यांच्या स्टेटसवर हवं असतं, ते मोबाइलवरच करावं. त्यासाठी ५४० जीबी उपसणं हा मूर्खपणा आहे. फक्त सगळा धंदा अशा अ‍ॅपवर टांगू नये. २९ जून २०२० च्या रात्री सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं अ‍ॅपही गेलं, आणि त्यावर हात बसलेल्यांचं सगळं कसब एका रात्रीत अडगळीत गेलं. एआयचं जरा वेगळं आहे. प्रीमियरमध्ये २०२३ पासून बोलण्याचा मजकूर समोर येतो आणि मजकुरातलं वाक्य खोडलं की व्हिडिओही कापला जातो. मुलाखती करणाऱ्याला हे वरदान आहे. पण हळदीच्या सहा तासांत पूर्ण वाक्य एकच असतं, आणि ते 'ए डीजे, गाणं बदल' हे. रिझॉल्व्ह स्टुडिओ चेहरे ओळखून एकेका माणसाच्या क्लिपा वेगळ्या काढून देतं, हेही कामाचं आहे, निदान रात्री नऊपर्यंत. नऊनंतर सगळ्यांच्या तोंडाला हळद फासलेली असते. आणि चेहरा ओळखला, तरी मान ओळखणार कोण? थोरल्या आत्याने हळद लावली ती क्लिप हललेली, अंधारी, अर्धी झाकलेली असते. यंत्र ती आधी फेकेल आणि मित्राच्या पुतणीचा झकास क्लोजअप ठेवेल. आत्या दिसली नाही तर मात्र त्या घरात पुढची पाच लग्नं तुमच्याकडे येणार नाहीत. लग्नाचा व्हिडिओ हा मानपानाचा दस्तऐवज असतो, आणि कोण कुणाचं कोण लागतं हे फ्रेममध्ये उमटत नाही. म्हणून इथे एआयपेक्षा खुणा करण्याची सोय मोठी. क्लिप बघता बघता एका बोटाने 'आत्या', 'मामा', 'टाका', 'ठेवा' असे शिक्के मारता येतात का? फायनल कटमध्ये कीवर्डची ही सोय फार चांगली आहे, पण त्यासाठी मॅक लागतो, आणि मॅकची किंमत ऐकून मामाच बाजूला होतात.

जावकीबद्दलही दोन शब्द हवेत, कारण एडिटर 'एक्सपोर्ट' दाबून झोपतो आणि भांडणं सकाळी सुरू होतात. तीन तासांचा व्हिडिओ सेकंदाला दहा मेगाबिटने काढला तर साडेतेरा जीबी होतो. गिऱ्हाइकाने दिलेला पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. पेन ड्राइव्ह नव्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला, तर आजीच्या खोलीतला जुना टीव्ही तो ओळखत नाही. फाइल लहान व्हावी म्हणून एच-२६५ मध्ये काढली तर टीव्ही नुसता आवाज देतो, चित्र देत नाही. म्हणून व्हिडिओ कुठे बघितला जाणार, हे सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारावं. त्या टीव्हीला चालणारे चार तुकडे रात्रभर एकामागून एक रांगेत लावून देणारं सॉफ्टवेअर हवं. आणि हे सगळं बघायला दुकानातला डेमो पुरत नाही. त्यातल्या क्लिपा स्वित्झर्लंडच्या तलावाच्या असतात. आपल्याच हार्ड डिस्कवरची सर्वांत वाईट हळद काढावी, दोन कॅमेरे, एक मोबाइल, एक म्हात्रे आणि एक धवलारीण एवढं घेऊन चाचणीच्या मुदतीत शेवटच्या टीव्हीपर्यंत जाऊन यावं. जिथे वैताग सर्वांत कमी झाला, ते घ्यावं.

एका माणसाला मात्र यातलं काहीच लागू नाही. ज्याला गव्हाणच्या स्टेशनवरून गाडी धरून, नेरूळला बदलून अंधेरी-गोरेगावच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये नोकरी करायची आहे, त्याचं काम म्हणजे दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं, आणि त्या खुर्चीसमोर जे उघडं असेल तेच त्याचं सॉफ्टवेअर. त्याने प्रीमियर शिकावं, अ‍ॅव्हिडशी तोंडओळख करून घ्यावी, आणि गावातल्या हळदीच्या ऑर्डरी निमूटपणे शेजारच्या स्टुडिओकडे वळवाव्यात. शेजाऱ्याकडे एडियस आहे, सोनेरी चौकटी आहेत, आणि आत्याला तो नावानिशी ओळखतो.